खुर्द्याची गणती : सोव्हिएत युद्धकथा वाचताना

दरवर्षी ९ मे जवळ आला की टीव्हीवर मॉस्कोच्या लाल चौकातलं, दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाचं संचलन दिसतं. रणगाडे, क्षेपणास्त्रं, छातीभर पदकं लावलेले म्हातारे. अलीकडच्या वर्षांत त्यात आपापल्या आजोबा-पणजोबांचे फोटो काठीला लावून चालणाऱ्या माणसांची भर पडली. युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यापासून हे दृश्य बघताना घराघरांत वाद होतात. आमच्याकडेही झाला. माझी भाची कॉलेजात इतिहास शिकते. माझ्या कपाटातल्या जुन्या सोव्हिएत पुस्तकांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मामा, हे सगळं त्यांच्या सरकारनं छापलेलं. म्हणजे प्रचारच ना? मग एवढं जपून का ठेवलंयस?"

प्रश्न रास्त आहे. ही पुस्तकं मॉस्कोत छापली जायची आणि आपल्याकडच्या प्रदर्शनांत चहा-भज्यांच्या पैशांत मिळायची. इतक्या स्वस्तात कोणी काही देत असेल तर त्यामागे हेतू असणारच. तो होताही. तरी त्या कपाटातली काही पुस्तकं मी अजून काढून वाचतो. त्याचं कारण सांगायला मला पानिपतापासून सुरुवात करावी लागेल.

पानिपतानंतर पेशव्यांना पोचलेला तो सांकेतिक निरोप आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरांचीही नावं शोधली तर सापडतात. खुर्दा म्हणजे कोण, कुठल्या गावचे, त्यांच्या घरी पुढे चूल कशी पेटली, हे त्या निरोपात मावत नाही. लढाईचा निरोप नेहमी वरून खाली येतो. आधी मोती, मग मोहरा, आणि खुर्दा एकरकमी.

सोव्हिएत युद्धकथेतला जो भाग आजही वाचवतो, तो या खुर्द्याच्या गणतीचा आहे. ती गणती करू द्यायची का, आणि किती, यावर लेखक आणि सरकार यांच्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षं ओढाताण चालली. ती कळली की कुठलं पुस्तक मनापासून घ्यायचं आणि कुठलं चिमूटभर मीठ लावून, हे आपलं आपल्याला समजायला लागतं.

## आधी थोडे आकडे

२२ जून १९४१ ला पहाटे जर्मन सैन्य सोव्हिएत संघात घुसलं. ९ मे १९४५ ला तिथे विजय जाहीर झाला. मधले १४१८ दिवस. पहिल्या सहा महिन्यांतच जर्मन मॉस्कोच्या वेशीवर येऊन थडकले, लेनिनग्राडला वेढा पडला आणि लाखो सैनिक कैद झाले. सगळ्या युद्धात मिळून सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक जर्मनांच्या हाती लागले. त्यांतले ३० लाखांहून अधिक छावण्यांत भुकेनं, थंडीनं, रोगानं किंवा गोळी घालून मारले गेले.

आणि देशाची एकूण माणसं किती गेली? १९४६ साली स्टालिननं आकडा दिला सुमारे ७० लाख. १९६१ साली त्याच्यानंतरचे नेते ख्रुश्चॉव २ कोटी म्हणाले. १९९० साली सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचोव यांनी जवळपास २ कोटी ७० लाख असं जाहीर केलं. मेलेली माणसं तीच होती. मोजायची मुभा हळूहळू वाढत गेली. मोठा आकडा कबूल केला की पुढचा प्रश्न येतो, एवढी माणसं गेली कशी? त्याचं उत्तर स्टालिनच्या दारात जातं. युद्धाआधी दोन-चार वर्षं त्यानं आपलेच सेनाधिकारी शेकड्यांनी गोळ्या घालून मारले होते, आणि हल्ल्याच्या आगाऊ सूचना कानाआड केल्या होत्या.

हे तीन आकडे लक्षात ठेवा. कथा-कादंबऱ्यांची वाटचालही याच पायऱ्यांनी झाली आहे.

## "सरकारच छापणार, तर लेखक खरं लिहिणार कसं?"

त्या देशात १९२२ पासून छापील ओळ न् ओळ तपासणारं सेन्सॉरचं खातं होतं. छापखाने सरकारचे, कागद सरकारचा. लेखकांची एकच अधिकृत संघटना. तिच्यातून काढलं की रोजीरोटी बंद. १९३४ साली या संघटनेनं साहित्याचा अधिकृत मार्ग ठरवला, त्याचं नाव समाजवादी वास्तववाद. मोठा शब्द आहे, अर्थ सोपा आहे. जग दाखवायचं, पण ते उद्याच्या उजेडाकडे चाललंय असं दाखवायचं.

लग्नाचा अल्बम आठवा. त्यातला एकही फोटो खोटा नसतो. पण मानापानावरून रुसलेले काका, जेवण कमी पडल्यावर स्वयंपाकघरात उडालेली धावपळ, पाठवणीआधी बापाचा झालेला चेहरा यांतलं काही त्यात नसतं. सरकारला युद्धाचा असा अल्बम हवा होता. दुःख चालेल, पण त्याच्या शेजारी विजय हवा. मरण चालेल, पण ते उपयोगी पडलेलं हवं. माघार, कैद, आपल्याच अधिकाऱ्याच्या मूर्खपणानं गेलेले जीव, ज्यू म्हणून वेचून मारलेली माणसं, जर्मनीत शिरल्यावर आपल्या सैनिकांनी बायकांवर केलेले अत्याचार, हे सगळं अल्बमच्या बाहेर.

कथा आधी मासिकांत यायच्या, तीही दोन-तीनशे पानांची जाडजूड. आपला दिवाळी अंक दर महिन्याला निघाला असता तर जसं झालं असतं, तसं. एखादा धीट संपादक सेन्सॉरशी घासाघीस करून एखादी कादंबरी पदरात पाडून घ्यायचा, आणि तो अंक हातोहात खपायचा. अल्बमच्या बाहेरचे फोटो आत शिरले ते बहुतेक या दारानं.

## खंदकातून काय दिसतं

पहिला असा फोटो आला १९४६ साली. व्हिक्टर नेक्रासोव हा कीव्हचा, शिक्षणानं वास्तुरचनाकार, युद्धात सुरुंग पेरणाऱ्या-काढणाऱ्या तुकडीतला अधिकारी. स्टालिनग्राडमध्ये तो स्वतः होता. त्यानं लिहिलेल्या 'स्टालिनग्राडच्या खंदकांत' या कादंबरीत स्टालिन जवळपास नाहीच. सेनापती नाहीत, नकाशे नाहीत. आहेत ती फावडी, कारण फावडी कमी आहेत. सुरुंग किती मिळणार याची काळजी आहे, आणि तंबाखू कोणाकडे उरली आहे याची चौकशी. निवेदकाचा वालेगा नावाचा एक पोरगेला हरकाम्या सैनिक आहे. त्याला धड लिहिता-वाचता येत नाही, पण कुठल्याही उकिरड्यावर चूल मांडून तो गरम काहीतरी पुढ्यात ठेवतो. देश म्हणजे काय हे वालेगाला विचारलं तर त्याला सांगता येणार नाही, असं निवेदक म्हणतो, आणि तरी शेवटच्या गोळीपर्यंत तो लढेल याची त्याला खात्री आहे.

त्याच पुस्तकात एक अधिकारी पिस्तूल रोखून माणसांना बिळांतून बाहेर काढतो आणि शत्रूच्या ताब्यातल्या टाक्यांवर उघड्यावरून हल्ला करायला लावतो. निम्मी माणसं जातात. टाक्या काही हाती येत नाहीत. पुढे त्या अधिकाऱ्यावर खटला चालतो. आपल्याकडच्या माणसाचा गुन्हा असा सरळ लिहिलेला सोव्हिएत वाचकानं क्वचितच पाहिला होता. गंमत म्हणजे १९४७ साली या पुस्तकाला स्टालिन पारितोषिकच मिळालं. का मिळालं यावर अजून तर्क चालतात. माझ्या मते लाखो सैनिक नुकतेच घरी परतले होते आणि त्यांना या पुस्तकात आपलं जेवणाचं भांडं, आपला चमचा दिसला. ते नाकारणं त्या क्षणी कोणालाच सोयीचं नव्हतं.

तो क्षण फार टिकला नाही. १९४७ अखेर ९ मेची सुट्टीच रद्द झाली. विजयदिन कामाचा दिवस झाला, तो थेट १९६५ पर्यंत. लेनिनग्राडच्या वेढ्याचं संग्रहालय १९४९ मध्ये बंद पडलं. युद्ध जिंकलं, आता त्याविषयी फार बोलू नका, असा एकूण सूर होता.

## घरी परतलेला बाप

त्या सुरात बेसूर ठरली ती आंद्रेई प्लातोनोवची एक छोटी गोष्ट. नाव 'परतणे', साल १९४६. हिच्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण नागरिकांच्या हालांविषयी इतकं कमी बोलून इतकं जास्त सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

कॅप्टन इवानोव चार वर्षांनी घरी येतो. बॉम्ब नाहीत, प्रेतं नाहीत. घरात बायको ल्यूबा, पाच वर्षांची नास्त्या, आणि अकरा वर्षांचा पेत्रुश्का. हा पेत्रुश्काच घरचा कर्ता झाला आहे. तो आईला रागावतो, बटाट्याची सालं जाड काढलीस. सरपण कसं रचायचं ते सांगतो. कोण किती खाणार ते ठरवतो, आणि स्वतः कमी घेतो. बापाला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला लागतं. आपल्याकडे म्हणतात ना, पोरगं अकाली पोक्त झालं. पण ते म्हणताना आपण कौतुक करत असतो. प्लातोनोव ते दाखवतो आणि अंगावर काटा येतो. त्या मुलाचं बालपण शत्रूनं नेलेलं नाही, ते कांदे-बटाट्यांच्या हिशेबात खर्च झालंय.

मग बापाला कळतं की एक दुःखी माणूस मुलांना भेटायला घरी येत असे, आणि बायकोच्या एकटेपणाचीही काही कबुली आहे. तो चिडतो, दुसऱ्या दिवशी गाडीत बसून निघतो. रुळाशेजारून दोन मुलं धावत येताना दिसतात, हात धरून, पडत, उठत. मोठ्याच्या एका पायात लोकरी बूट आहे, दुसऱ्या पायात रबरी जोडा. घाईत हाताला लागेल ते घालून निघालेला पोरगा. इवानोव गाडीतून उतरतो.

या गोष्टीवर समीक्षक तुटून पडले. सोव्हिएत कुटुंबाची बदनामी, असं म्हटलं गेलं. प्लातोनोवचं त्यानंतर फारसं काही छापून आलं नाही. १९५१ मध्ये तो क्षयानं गेला. एका पायात बूट आणि दुसऱ्यात जोडा, एवढ्यानं एक महासत्ता अस्वस्थ झाली!

## कैद झालेल्यांनी तोंड कधी उघडलं?

१९५३ मध्ये स्टालिन मेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चॉव यांनी पक्षाच्या बंद दारांआडच्या सभेत त्याच्या कृत्यांचा पाढा वाचला. त्यानंतरची काही वर्षं 'बर्फ वितळण्याचा काळ' म्हणून ओळखली जातात. १९५६ च्या शेवटच्या दिवशी आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी 'प्राव्दा' या पक्षाच्या मुखपत्रात दोन हप्त्यांत एक कथा आली. मिखाईल शोलोखोवची, नायक आंद्रेई सोकोलोव, ट्रकचालक, युद्धकैदी.

हे केवढं धाडस होतं ते कळायला ऑगस्ट १९४१ चा हुकूम क्रमांक २७० माहीत हवा. शरण जाणारा सैनिक म्हणजे देशद्रोही, आणि त्याच्या घरच्यांचा सरकारी भत्ता बंद, असं तो हुकूम सांगत होता. युद्धानंतर सुटून आलेल्या कैद्यांची चौकशी-छावण्यांतून चाळणी झाली. कित्येकांची रवानगी तिथून पुन्हा छावणीत, यावेळी स्वदेशी. अशा माणसाला पक्षाच्याच वर्तमानपत्रात नायक केलं गेलं.

सोकोलोवला छावणीचा जर्मन अधिकारी मरणाआधीचा म्हणून जर्मन दारूचा पेला देतो. भुकेनं खंगलेला तो माणूस तीन पेले रिचवतो आणि समोरच्या पावाला पहिल्या दोन पेल्यांपर्यंत हातही लावत नाही. अधिकारी खूश होऊन त्याला एक पाव आणि चरबीचा तुकडा देऊन सोडतो. तो बराकीत आणून दोऱ्यानं कापून सगळ्यांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला काडेपेटीएवढा तुकडा. पेल्यांचा प्रसंग मला थोडा नाटकी वाटतो, खरं सांगायचं तर. काडेपेटीएवढा पाव मात्र डोक्यातून जात नाही.

आणि इथेच अल्बमची चौकट परत दिसते. सोकोलोव जर्मन अधिकाऱ्याला गाडीसकट पळवून आपल्या बाजूला येतो आणि त्याचं स्वागत होतं. चौकशी-छावणी नाही, संशय नाही. ती बाजू सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, अलेक्सांद्र सोल्झेनित्सिननं लिहिली. त्याचा नायक शुखोव सोव्हिएत छावणीत शिक्षा भोगतोय, कारण तो जर्मनांच्या हातून निसटून परत आला आणि त्याला हेर ठरवण्यात आलं. दोन्ही कथा लागोपाठ वाचा. एकाच नाण्याच्या दोन बाजू सरकारनं सहा वर्षांच्या अंतरानं दाखवू दिल्या.

## वीतभर जमीन

याच सुमारास एक पिढी लिहायला लागली. १९२३-२४ च्या आसपास जन्मलेली, शाळा सुटताच आघाडीवर गेलेली, एकोणीस-विसाव्या वर्षी लेफ्टनंट होऊन तीस-चाळीस माणसांच्या जिवाची जबाबदारी घेतलेली पोरं. ग्रिगोरी बाक्लानोव, युरी बोंदारेव, वासिल बिकोव. त्यांच्या लेखनाला 'लेफ्टनंटांचं गद्य' असं नाव पडलं. लेफ्टनंट हा मजेशीर दर्जा आहे. तो हुकूम देणारा आहे आणि हुकुमानं मरणाराही. आपल्याकडच्या गिरणीतल्या जॉबरसारखा, वरच्यांचा दाब आणि खालच्यांचे डोळे दोन्ही सोसणारा.

बाक्लानोवच्या १९५९ च्या कादंबरीचं नावच 'वीतभर जमीन' असं मराठीत करता येईल. नीस्टर नदीच्या पलीकडच्या काठावर धरून ठेवलेला एक चिंचोळा तुकडा. १९४४ चा उन्हाळा, युद्ध दुसरीकडे पुढे सरकलंय आणि ही माणसं इथे उन्हात बिळांत बसली आहेत. वर्तमानपत्रात त्या आघाडीबद्दल 'विशेष काही नाही' असंच येईल. आणि त्या 'विशेष काही नाही'मध्ये रोज कोणीतरी मरतंय.

समीक्षकांनी याला शिवी म्हणून 'खंदकातलं सत्य' हा शब्द काढला. म्हणजे खड्ड्यात बसलेल्याला खड्ड्याएवढंच दिसतं, युद्धाचा थोर अर्थ दिसत नाही. लेखकांनी ती शिवी मिरवली.

या सगळ्यांत मला सगळ्यात कठीण वाटतो तो बिकोव. बेलारूसचा, बेलारूसी भाषेत लिहिणारा. त्याच्या १९७० च्या 'सोत्निकोव' या कादंबरीत कडाक्याच्या थंडीत दोन गनिमी सैनिक तुकडीसाठी अन्न आणायला निघतात. सोत्निकोव आजारी, खोकणारा, सोबत्याला ओझं झालेला. रिबाक धडधाकट, हुशार, मनानं चांगला. जखमी सोत्निकोवला तोच ओढत आणतो. दोघं पकडले जातात, आणि त्यांना आसरा देणारी तीन लेकरांची आई देमचिखाही. रिबाक विचार करतो, आज कसंही जगू, शत्रूच्या पोलिसांत नोकरी घेतो म्हणू, उद्या पळून जाऊ. विचार अगदी व्यवहारी आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी तोच केला असता. पण त्या 'आज'मध्येच सोत्निकोवच्या पायांखालचा ठोकळा काढायचं काम त्याच्यावर येतं. नंतर रिबाक गळफास घ्यायला संडासात जातो आणि त्याच्या लक्षात येतं, कमरेचा पट्टा तर पकडल्यावरच काढून घेतला होता.

खलनायक जन्मतःच वाईट असता तर वाचक सुटला असता. बिकोव सुटू देत नाही. यावर लारिसा शेपित्को या दिग्दर्शिकेनं काढलेल्या चित्रपटाला १९७७ साली बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

## "आणि घरच्यांचं काय? बायका, मुलं?"

भाचीचा हा दुसरा प्रश्न. लेनिनग्राडपासून सांगतो. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, ८७२ दिवस वेढा. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम पाव, आणि कारकून, घरी बसलेले, मुलं यांना १२५ ग्रॅम. आपल्या वडापावाचा एक पाव चाळीसेक ग्रॅमचा धरला तर दिवसाला तीन पाव. दुसरं जवळजवळ काही नाही. पिठात लाकडाचा लगदा मिसळलेला, बाहेर बर्फ, घरात पाणी नाही, वीज नाही. त्या शहरात मेलेल्या नागरिकांचा आकडा आठ-दहा लाखांच्या घरात धरतात.

याविषयी शौर्याच्या कविता पुष्कळ छापून आल्या. भूक माणसाच्या आत काय करते ते फार उशिरा आलं. आलेस आदामोविच आणि दानिईल ग्रानिन हे दोघे लेखक टेपरेकॉर्डर घेऊन वेढ्यातून वाचलेल्यांच्या घरी जात राहिले, आणि १९७७ पासून ते लेखन मॉस्कोच्या मासिकात येऊ लागलं. खुद्द लेनिनग्राडमध्ये ते पुस्तक निघायला १९८४ उजाडलं. त्यात सोळा वर्षांच्या युरा र्‍याबिन्किनची डायरी आहे. आईच्या आणि बहिणीच्या वाट्यातलं आपण चोरून खाल्लं, हे तो मुलगा लिहितो आणि स्वतःला क्षमा करत नाही. कादंबरीकाराला हे लिहायचं धाडस झालं नसतं. आदामोविचच्या या वाटेनं पुढे स्वेतलाना अलेक्सिएविच गेली, तिनं लढाईत उतरलेल्या बायकांना बोलतं केलं आणि २०१५ मध्ये तिला नोबेल मिळालं.

गावाकडचं चित्र किरगिझ लेखक चिंगिझ ऐतमातोवमध्ये बघा. तोल्गोनाय ही म्हातारी शेतजमिनीशी बोलते. नवरा आणि तीन मुलं, चौघंही युद्धात गेलेले. एका मुलाची आगगाडी गावाजवळच्या स्टेशनावरून जाणार म्हणून ती सुनेला घेऊन जाऊन बसते. गाडी थांबत नाही. मुलगा दारातून ओरडतो आणि टोपी फेकतो. आईच्या हाती टोपी येते. पंढरीची वाट बघत बसलेल्या आपल्या ओव्यांतल्या आया ज्या स्वरात बोलतात, तसा हा स्वर आहे. जमिनीला 'बाई' म्हणून हाक मारणारा.

## अटक झालेली कादंबरी

लेखक पकडला जातो हे आपण ऐकलेलं असतं. १९६१ च्या फेब्रुवारीत गुप्त पोलिसांनी वासिली ग्रोसमनच्या घरी जाऊन कादंबरीच पकडून नेली. टंकलिखित प्रती, कार्बन पेपर, टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा. लेखकाला हात लावला नाही. पक्षातल्या बड्या धेंडानं त्याला सांगितलं, हे दोन-तीनशे वर्षं छापता येणार नाही.

ग्रोसमन हा सैन्याच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर, स्टालिनग्राडपासून बर्लिनपर्यंत गेलेला. त्याची आई बेर्दिचेव गावात १९४१ च्या सप्टेंबरात इतर ज्यूंबरोबर मारली गेली. कादंबरीत एक आई ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या तारांआडून मुलाला शेवटचं पत्र लिहिते, ते बहुधा ग्रोसमनला कधीच न मिळालेलं पत्र आहे. पण सरकारला झोंबलं ते दुसरंच. त्यात एक नाझी अधिकारी जुन्या कम्युनिस्ट कैद्याला म्हणतो, आपण एकमेकांचा आरसा आहोत.

मला मात्र त्यातला वेगळाच प्रसंग आठवतो. स्टालिनग्राडची लढाई संपलेली, जर्मन कैदी तळघरातून प्रेतं बाहेर काढताहेत. गर्दीतली एक बाई रागानं बेभान होऊन एका जर्मनाकडे वीट घेऊन जाते, आणि स्वतःलाही न कळता खिशातला पावाचा तुकडा त्याच्या हातात ठेवते. खा, म्हणते. आपण असं का केलं हे तिला नंतरही सांगता येत नाही. ग्रोसमन १९६४ मध्ये गेला. मित्रांनी लपवलेल्या प्रतीवरून पुस्तक १९८० साली स्वित्झर्लंडमध्ये छापलं गेलं आणि १९८८ मध्ये मायदेशी. दोन-तीनशे वर्षांची सत्तावीसच झाली.

## "पण ते तर पाठीला बंदूक लावल्यामुळे लढले!"

इंग्रजी सिनेमे बघून हा समज पसरला आहे. यात तथ्य आहे, अतिशयोक्तीही आहे. जुलै १९४२ चा हुकूम क्रमांक २२७, 'एक पाऊलही मागे नाही', यानं दंडाच्या तुकड्या (शिक्षा झालेल्या सैनिकांच्या) आणि पळणाऱ्यांना अडवणारी पथकं उभी केली. दंडाच्या तुकड्यांत सगळ्या युद्धात सुमारे सव्वाचार लाख माणसं पाठवली गेली. आकडा भयंकर आहे. पण सैन्यात एकूण साडेतीन कोटींच्या आसपास माणसं आली-गेली, हेही शेजारी ठेवा. केवळ धाकानं इतकी माणसं इतकी वर्षं लढत नाहीत. धाकाशिवाय ती लढली असंही म्हणता येत नाही. तो हुकूम देशात उघडपणे छापला गेला १९८८ मध्ये.

धाकाची बाजू पोटभर लिहिली ती राज्य कोसळल्यानंतर व्हिक्टर आस्ताफ्येवनं. त्याच्या १९९० च्या दशकातल्या कादंबरीत सैबेरियातल्या भरती-छावणीत उपाशी, कुडकुडणारी पोरं आहेत. दोन जुळे भाऊ घरी गाय व्याली म्हणून न विचारता जातात, खायला घेऊन परत येतात, आणि सगळ्यांसमोर गोळ्या घालून मारले जातात. जुन्या सैनिकांनी आस्ताफ्येवला शिव्या दिल्या आणि काहींनी आभारही मानले. तो स्वतः साधा शिपाई म्हणून लढलेला होता, त्यामुळे त्याला गप्प करणं सोपं नव्हतं.

## "मग हे साहित्य रशियाचं का?"

नाही, आणि आज ही गोष्ट महत्त्वाची आहे. नेक्रासोव आणि ग्रोसमन दोघे युक्रेनच्या भूमीत जन्मलेले, रशियनमध्ये लिहिणारे. बिकोव, आदामोविच बेलारूसचे. ऐतमातोव किरगिझ. कीव्हजवळच्या बाबी यारच्या दरीत दोन दिवसांत ३३ हजारांहून अधिक ज्यू मारले गेले, तिथे स्मारक का नाही, हे १९५९ साली वर्तमानपत्रात विचारणारा नेक्रासोवच होता. पुढे त्याला पक्षातून काढलं, १९७४ मध्ये देश सोडावा लागला, तो पॅरिसमध्ये मेला. स्टालिन पारितोषिकाचं पुस्तक ग्रंथालयांतून गायब झालं. आता त्या विजयावर एकच देश मालकी सांगतो तेव्हा ही माणसं कुठल्या रांगेत उभी करायची, हा प्रश्न संचलनवाल्यांना पडत नाही.

आपला धागा म्हणाल तर तो जुना आहे. युद्ध चालू असतानाच अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि तो मुंबईच्या कामगारवस्त्यांत गाजला. पोवाड्याचा बाज वीररसाचा, डफावर थाप पडली की बाहू फुरफुरायचे. वालेगाची चूल किंवा पेत्रुश्काचे बटाटे त्यात येणं शक्य नव्हतं. ती बातमी तोवर कुणाकडे आलीच नव्हती.

भाचीला मी सुरुवातीला 'परतणे' वाचायला दिली, कारण ती तासाभरात संपते. नंतर 'सोत्निकोव'. ते परत देताना ती एवढंच म्हणाली, "रिबाकचा राग येत नाही, हाच त्रास आहे." तेव्हा मी तिला बिकोवची एक गोष्ट सांगितली. १९४४ च्या जानेवारीत युक्रेनमधल्या लढाईत तो जखमी झाला आणि कागदोपत्री मेलेल्यांत धरला गेला. घरी मृत्यूची सूचना गेली. तो दवाखान्यातून बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला, पुढे पन्नासेक वर्षं लिहीत राहिला. आणि तिकडच्या एका सामूहिक थडग्यावरच्या दगडात, मेलेल्यांच्या यादीत, त्याचं नाव कोरलेलं होतं.